उजेडाची टोपी

उजेड हेसुद्धा औषध असतं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. अंगावर फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी. ह्या दिव्याची जन्मकथा मला फार आवडते. १९५६ सालच्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एक सिस्टर होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन-वारा लागावा म्हणून त्या त्यांना अंगणात नेत. एका बाळाचं सगळं अंग निवळलेलं, पण चादरीचा कोपरा जिथे पडला होता तेवढा त्रिकोण मात्र हळद फासल्यासारखा पिवळाधमक, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातूनच डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याचा उपचार बसवला आणि १९५८ साली प्रसिद्ध केला. काविळीचं ते पिवळं द्रव्य फार वाढलं तर तान्ह्याच्या मेंदूत उतरून कायमची इजा करतं. म्हणजे निळा दिवा बाळाचा मेंदूच वाचवतो म्हणायचा.

तेव्हा उजेडाने मेंदूला फायदा होतो असं कुणी म्हटलं, तर मी लगेच हसण्यावारी नेत नाही. फक्त मला ती डोळ्यांवरची पट्टी आठवते. औषध आहे म्हणूनच ती बांधावी लागते.

आमच्या घरी हा विषय आला तो सासूबाईंमुळे. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दीडएक वर्षापूर्वी आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. मग दूधवाल्याचे पैसे दिले का, हे तासाभरात चारदा विचारणं सुरू झालं. एकदा नातीला वन्संच्या नावाने हाक मारली, आणि ती "आजी, मी आत्या नव्हे!" म्हणाल्यावर आईंचा चेहरा जो पडला तो मी विसरणार नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या, अल्झायमरची सुरुवात आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी थोडा काळ सावरतं, मुळातून बरं होत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

अशा वेळी घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी शोधत सुटतं. वन्सं ठाण्याला असतात. त्या दिवाळीनंतर आल्या त्या एक रंगीत माहितीपत्रक घेऊनच. त्यावर पांढरीशुभ्र टोपी घातलेली एक हसतमुख आजी, आणि खाली 'मेंदूला नवसंजीवनी. शस्त्रक्रिया नाही, वेदना नाही, दुष्परिणाम शून्य'. टोपीच्या आत लाल दिव्यांच्या ओळी. रोज वीस मिनिटं घालून बसायचं. किंमत दीड लाख.

"पैशाचं मी बघते," वन्सं म्हणाल्या, "पण उद्या आईसाठी काही केलं नाही असं वाटायला नको."

ह्यावर काय बोलणार? त्यांची आई. 'नको' म्हटलं तर सून पैसे वाचवते, आणि 'हो' म्हटलं तर रोज ती टोपी आईंच्या डोक्यावर ठेवणार कोण, तर मीच. त्यामुळे मी एवढंच म्हटलं, "वन्सं, पंधरा दिवस द्या, मी जरा वाचते." आईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं डोकं म्हणजे काय तुळशीची कुंडी आहे, उजेडात ठेवायला?"

मग मी वाचायला बसले. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी कठीण भाग उलगडून दिला.

टोपीत असतात ते लाल आणि लालच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण. अवरक्त म्हणतात ते. अंधारात तळहाताखाली बॅटरी धरली की हात आरपार लालभडक दिसतो, हा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे. बाकीचे रंग रक्त गिळून टाकतं, लाल तेवढा पार जातो. अवरक्त त्याहूनही खोल जातो. ह्या उपचाराची सुरुवात बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर ह्यांच्यापासून सांगतात. लेझरने कॅन्सर होतो की काय हे बघायला त्यांनी १९६७ साली उंदरांचे केस भादरून त्यांच्यावर सौम्य लाल लेझर सोडला. कॅन्सर झाला नाही. केस मात्र दिवा न लावलेल्या उंदरांपेक्षा लवकर उगवले. (हे मी वाचून दाखवलं तेव्हा आमच्या ह्यांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.) पेशीच्या आत ज्या तंतुकणिका असतात, नववीच्या पुस्तकात ज्यांना ऊर्जाकेंद्र म्हटलेलं असतं, त्यांतलं एक प्रथिन हा उजेड शोषून घेतं आणि पेशीला जोर येतो, असा तर्क आहे. त्यावर सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. शिवाय ह्यात जास्त म्हणजे चांगलं असं नाही; मात्रा वाढली की उलटा परिणाम झाल्याचंही प्रयोगांत दिसतं. मिठासारखंच.

आता हा उजेड माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो का? केस, कातडी, हाड आणि मेंदूवरची आवरणं ओलांडून पोचतो तो फारच थोडा. बराचसा वाटेतच संपतो. दाट केस तर तो अडवतातच. माहितीपत्रकातल्या आजीचे केस मात्र माझ्यापेक्षा दाट होते!

खरी मोठी परीक्षा झाली ती पक्षाघाताच्या रोग्यांवर. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत, डोक्याचे केस काढून, वीस ठिकाणी दोन-दोन मिनिटं अवरक्त लेझर लावायचा, असा तो उपचार होता. काहींना खरा लेझर आणि काहींना नुसतंच यंत्र, असं ठेवून कुणाला काय मिळालं हे लपवलेलं. २००७ साली १२० रोग्यांचा निकाल आला, तो आशादायक होता. २००९ साली ६६० रोग्यांचा आला, तो तितका नाही. तिसरी परीक्षा त्याहून मोठी ठरवली होती. पण मध्येच आकडे तपासले तेव्हा उपयोग दिसेना, म्हणून ती अर्ध्यावर थांबवली. २०१४ साली तसं प्रसिद्धही झालं.

हे वाचून मला दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे समाधान. इतक्या आजारी माणसांच्या डोक्याला लेझर लावूनही खऱ्या आणि खोट्या यंत्राच्या रोग्यांत अपायाचा फरक दिसला नाही. तेव्हा ही टोपी म्हणजे जीवघेणं यंत्र आहे असं जर कुणी म्हणेल तर ते खोटं. पण दुसरी गोष्ट अशी, की तिथे उपचार झाला एकदाच, डॉक्टरांच्या हातून, मोजूनमापून. आमच्याकडे तो होणार रोज, वर्षानुवर्षं, माझ्या हातून, एका हाताने कुकर उतरवताना. एकदा सोसलं म्हणून रोज सोसेल, हा हिशेब कुठल्या शास्त्रात बसतो?

शिवाय डोळे. लख्ख उजेड पडला की आपण आपसूक डोळे मिटतो. ते डोळ्यांचं देवाने दिलेलं कुलूप आहे. अवरक्त किरण दिसतच नाहीत, त्यामुळे कुलूप लागत नाही. काचेच्या भट्टीपुढे आयुष्य काढणाऱ्या कारागिरांना ह्या किरणांनी मोतीबिंदू होत असे, हे फार जुनं निरीक्षण आहे. टोपी नीट बसली तर उजेड डोक्याकडे जातो, डोळ्यांकडे नाही, हे मान्य. पण आईंना टोपी काय, स्वेटरसुद्धा नीट घालवत नाही. तो त्या मध्येच ओढून काढतात आणि उलटा करून बघतात. आतले दिवे चालू आहेत का हे बघायला त्या टोपी उलटी करून डोळ्यांसमोर धरणार, ह्याबद्दल मला तरी शंका नव्हती. त्यांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मागच्या पडद्यावरही थोडा परिणाम आहे. माहितीपत्रकात डोळ्यांचा उल्लेख एकाही ओळीत नव्हता.

उदासीसाठी पांढऱ्या उजेडाची जी पेटी मिळते ती वेगळी, तिची गल्लत करू नये. तो उजेड डोळ्यांवाटेच काम करतो, आणि हिवाळ्यात दिवस अगदी लहान होणाऱ्या देशांत १९८४ पासून त्यावर बरंच काम झालेलं आहे. पण ज्यांना कधी उन्माद, कधी उदासी असा आजार असतो त्यांना त्या पेटीने उन्मादाचा झटका येऊ शकतो. काही औषधांनी कातडी उजेडाला नाजूक होते, तेही विचारून घ्यायला हवं.

आता माझ्या जिवाला ज्याने घोर लावला त्याकडे येते. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'सेकंदाला ४० स्पंदनं'. हे ४० कुठून आले? अमेरिकेत एम.आय.टी. ह्या संस्थेत ली-ह्वेई त्साय नावाच्या शास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांच्या गटाने अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांपुढे सेकंदाला ४० वेळा उघडझाप करणारा दिवा तासभर लावला, आणि मेंदूच्या पाहण्याशी संबंधित भागात साचणारं घातक प्रथिन कमी झालेलं त्यांना आढळलं. २०१६ साली 'नेचर'मध्ये ते आलं आणि जगभर गाजलं. पुढे न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी ह्यांच्या प्रयोगशाळेने तसाच प्रयोग करून पाहिला, तर त्यांना तो परिणाम मिळाला नाही. ते त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलं. माणसांवर मोठ्या परीक्षा त्यानंतरही चालू राहिल्या. म्हणजे वाद मिटलेला नाही, आणि बाजारात मात्र ४० हा आकडा गणपतीच्या दिव्यांच्या माळांसारखा लखलखतो आहे.

वन्संचा मुलगा कॉलेजात आहे, हुशार आहे आणि आजीवर त्याचा भारी जीव. तो म्हणाला, "मामी, दीड लाख कशाला? मोबाइलवर ४० चे व्हिडिओ फुकट मिळतात." आणि त्याने टॅब आजीपुढे धरून लावलासुद्धा. खोलीतला दिवा मालवलेला, पांढरा पडदा थरथरतोय, आणि आजीला टेकून आमची अकरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे टक लावून बघतेय. मी धावत जाऊन टॅब पालथा घातला. तो बिचारा बघतच राहिला.

माझ्या मुलीला आकडी येत असे. औषधाने दोन वर्षांत एकदाही आलेली नाही. पण डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढताना तिथले तंत्रज्ञ डोळ्यांसमोर एक दिवा उघडझाप करतात, कधी सावकाश, कधी भरभर. तिच्या आलेखात त्या वेळी रेघा उसळल्या होत्या, त्या मी ह्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. उजेडाने मेंदू चाळवतो हे मला कुठल्या माहितीपत्रकाने सांगायला नको.

असं सगळ्यांना होत नाही. आकडीच्या रोग्यांतही थोड्यांनाच होतं. पण मुलांत आणि वयात येणाऱ्या मुलामुलींत जास्त, आणि कित्येकदा प्रसंग येईपर्यंत घरच्यांना पत्ताच नसतो. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टी.व्ही.वर 'पोकेमॉन' ह्या कार्टूनचा एक भाग लागला. त्यात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला, आणि त्या संध्याकाळी सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, बहुतेक मुलंच. त्यांतल्या अनेकांना त्याआधी कधी आकडी आलेली नव्हती.

सगळ्यांत धोक्याचा वेग सेकंदाला १५ ते २५ असा समजतात. ४० ला बिघडणारे कमी, पण असतात. माझा भाचा हेच म्हणत होता, "मामी, ४० म्हणजे धोक्याच्या पट्ट्याबाहेर!" तेव्हा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी कागद घेतला. साध्या पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. आता ६० घरांत ४० उघडझापी समान बसवून दाखवा! बसत नाहीत. तीन घरांत दोन बसवाव्या लागतात. मग पडद्यावर दोनदा उजेड, एकदा अंधार, पुन्हा दोनदा उजेड, एकदा अंधार, असं होतं. म्हणजे ६० भागिले ३, अंधार पडतो सेकंदाला २० वेळा. नाव ४० चं, आणि पडदा दाखवतो २०, नेमका धोक्याच्या पट्ट्यातला आकडा. तिसरीच्या पाढ्यांचं गणित आहे हे. भाच्याने स्वतः दोनदा करून पाहिलं आणि व्हिडिओ पुसून टाकला.

ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांच्यासाठी आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं इथे देते. समोर लुकलुकाट सुरू झाला तर दोन्ही डोळे घट्ट मिटू नयेत, पापण्यांतून उजेड आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड वळवावं. टी.व्ही. लांबून आणि खोलीत दिवा लावून बघावा. खराब झालेली, फडफडणारी ट्यूब लगेच बदलावी. आणि आकडी आलीच तर कुशीवर वळवावं, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठावा.

पंधरा दिवसांनी टोपीवाले गृहस्थ घरी आले. बोलायला गोड. मी चहा दिला आणि कागद काढला. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "काही होत नाही." आकडीचं विचारलं तर म्हणाले, "आजपर्यंत तक्रार नाही." ही टोपी, अगदी हीच, आईंसारख्या रोग्यांवर खऱ्या-खोट्या यंत्राची परीक्षा करून पाहिली आहे का, असं विचारल्यावर त्यांनी परदेशातल्या लोकांचे अनुभव दाखवले. आणि मग जाता जाता म्हणाले, "दोन महिन्यांत फरक दिसला की गोळ्या हळूहळू कमी करता येतील."

इतका वेळ ह्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या वाक्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गोळ्यांचं आमचे डॉक्टर ठरवतील. नमस्कार."

मलाही सगळ्यांत मोठा धोका हाच वाटतो. टोपीतल्या उजेडाने कदाचित कुणाचं काही बिघडणार नाही. पण टोपीच्या भरवशावर गोळी सुटली, रक्तदाबाची तपासणी राहिली, तर त्याला दुष्परिणाम नाही तर काय म्हणायचं? आपल्या देशात १९५४ सालापासून औषधे आणि जादूचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. कोणते आजार बरे करण्याची जाहिरात करायची नाही, त्याची यादीच त्यात जोडलेली आहे, आणि 'मेंदूचे रोग व विकार' त्या यादीत आहेत. म्हणूनच अशी माहितीपत्रकं 'नवसंजीवनी', 'ताजेपणा' असले शब्द वापरतात. बरं करतो, असं छापत नाहीत. चहा पिताना सांगतात.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अपायाची शक्यता थोडी, फायद्याचा पुरावा त्याहून थोडा. कुठे रीतसर परीक्षा चालू असेल तर मी स्वतः तुम्हाला कळवीन." औषध-उपचारांच्या अशा परीक्षांची आपल्याकडे सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून, आणि ती कुणालाही बघता येते. परीक्षेत भाग घेणाऱ्याने यंत्राचे पैसे द्यायचे नसतात, उलट त्याला इजा झाली तर जबाबदारी घेतली जाते. दीड लाख घेऊन वर आपल्यालाच उंदीर करायचं, ही पद्धत मला काही पटली नाही.

मग त्यांनी उलट मलाच विचारलं, "आजींना ऐकू नीट येतं का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. येत नाही, टी.व्ही.चा आवाज गल्लीपर्यंत जातो. पण म्हातारपणी व्हायचंच म्हणून कुणी दखल घेतली नव्हती. 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या १४ गोष्टी मोजल्या, त्यांत ऐकू न येणं आहे, उपचार न केलेली अधू नजर आहे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आहे. ह्या सगळ्या वेळीच सांभाळल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज. यादीत अपुरं शिक्षणही आहे. आईंची शाळा चौथीत सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला. त्यावर आता कुठली टोपी घालायची?

यंत्र कानात घातल्याने झालेला आजार मागे फिरत नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. पण आई निदान बोलण्यात तरी राहतील, म्हणाले. कानांची तपासणी केली आणि दोन्ही कानांना यंत्रं घेतली. टोपीच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. वन्संनी पैसे पाठवले, पण पत्रास कारण की त्या मनातून नाराजच होत्या. फोनवर चौकशी नेमकी असायची, गप्पा नसायच्या. मी समजून होते. आई त्यांची आहे, आणि त्यांना काहीतरी चमत्कार हवा होता. मला नको होता असं थोडंच आहे?

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला तो आईंनीच उचलला. एरवी दोन वाक्यांत "हो, हो, बरं" म्हणून माझ्या हातात देतात. ह्या वेळी दहा मिनिटं बोलल्या. भाच्याची परीक्षा, ठाण्याचा पाऊस, लोणच्याच्या कैऱ्या. मध्येच म्हणाल्या, "काय गं, ती दिव्यांची टोपी घेतलीस का तू? घेतली असलीस तर तूच घाल, तुझं डोकं लहानपणापासून दुखतं."

पलीकडून वन्सं काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आई मात्र बराच वेळ हसत होत्या.